‘सामान काय आहे?’

टेंपो ठरवायला फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न हाच येतो. कपाट असेल, फ्रिज असेल, चवथीचं सामान असेल, तर उत्तर एका शब्दात संपतं आणि भाडंही त्याच दमात ठरतं. घराच्या शेडमध्ये बांधायला घेतलेल्या गाडीचं तसं नाही. ‘गाडी’ म्हटलं की टेंपोवाल्याच्या डोळ्यांपुढे फिरणारी चाकं, वळणारं स्टिअरिंग आणि लागणारा ब्रेक येतो. चार माणसांनी ढकलली की चढली. ‘गाडीचे सुटे भाग’ म्हटलं की त्याला चार खोकी आणि एक पोतं दिसतं. तो छोटा हत्ती पाठवून देतो. दारात उभी असते ती वस्तू या दोन्हींपेक्षा वेगळी. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, पुढची चाकं बसलेली, मागची नुसती टेकवलेली, इंजिन दोन बोल्टांवर, स्टिअरिंगचा दांडा अजून खोक्यात, आणि वर अलगद ठेवलेलं फायबरचं बोनेट.

गाडीची सगळ्यात जास्त मोडतोड होते ती याच अवस्थेत, टेंपोत चढवताना, बांधताना आणि उतरवताना. म्हणून किटकार, म्हणजे सुटे भाग आणून घरी बांधायची गाडी, हलवायची असेल तर टेंपोला फोन करण्याआधी एक निर्णय घ्यायला हवा: टेंपोत ती आपल्या चाकांवर जाणार की सुटी होऊन जाणार. चाकांवर जाणार असेल तर तेवढ्या प्रवासापुरती तिला पुरती गाडी करायची. सुटी जाणार असेल तर खरोखर सुटी करायची. अर्धं हे आणि अर्धं ते असं ठेवून उचललेल्या गाडीचं नुकसान लगेच कळतही नाही. वाकलेली नळी रंगाखाली लपते, आणि बिघडलेलं बेअरिंग कित्येक महिन्यांनी, पहिल्या चाचणीच्या दिवशी आवाज करायला लागतं.

हलवायची वेळ मात्र येतेच. गोव्यात अशी गाडी एका छपराखाली पुरी होणं कठीण. सांगाड्याचं वेल्डिंग कुंडई नाहीतर बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत होतं, फायबरच्या बॉडीसाठी होड्या बांधणाऱ्या कारागिरांकडे नदीकाठी जावं लागतं, रंगाचं काम म्हापशाला किंवा मडगावला. ही अंतरं फार नाहीत, आणि त्यामुळेच मोह होतो की पहाटे हळूच चालवत नेऊ. ते करू नये. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेली मोटार सार्वजनिक जागी चालवता येत नाही, मग अंतर दोन किलोमीटर असो की दोनशे. दोरी लावून ओढत नेणं तर त्याहून वाईट. ब्रेक नसलेला सांगाडा उतारावर ओढणाऱ्या गाडीवरच येऊन आदळतो.

ब्रिटनमध्ये १९५७ साली लोटस सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स गाडी आली आणि ती किट म्हणूनही विकली गेली. १९७३ पासून केटरहॅम कंपनीने तीच परंपरा पुढे चालवली. तिथे संपूर्ण किट लांब व्हॅनमधून घरी न्यायची पद्धत आहे, कारण ती गाडी मुळात लहान: लांबी साधारण ३.१ मीटर, रुंदी १.६ मीटरच्या आत, वजन ५०० ते ५५० किलो. आपल्याकडे त्या धाटणीची गाडी बांधणारे बहुतेक जण मारुती ८०० किंवा जिप्सीचे भाग वापरतात, त्यामुळे मापं जवळपास तीच येतात. तरी बंद व्हॅन मिळत असेल तर एक माप आधी घ्यावं, ते म्हणजे आतल्या दोन चाककमानींमधलं अंतर. व्हॅनची आतली रुंदी भरपूर दिसते, पण तळाला त्या कमानी दोन्ही बाजूंनी आत येतात आणि गाडी नेमकी तिथेच अडते. दार उघडून मेजरटेप लावल्याशिवाय व्हॅन ठरवू नका. माझं मत विचाराल तर गोव्यात या कामाला उघड्या हौद्याची गाडीच बरी. चारही बाजूंनी हात घालता येतो, आणि बांधलेलं नीट दिसतं.

उघडी गाडी कोणती, हे मापावरून ठरवायचं. मारुती ८००चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, २१७५ मिलिमीटर आणि तिच्या बारा इंची चाकाचा टायरसकट व्यास सुमारे ५१० मिलिमीटर. म्हणजे पुढच्या टायरच्या पुढच्या टोकापासून मागच्याच्या मागच्या टोकापर्यंत २.६८ मीटर झाले, आणि यात नाकाचा किंवा मागच्या नळ्यांचा एक इंचही धरलेला नाही. छोट्या हत्तीचा, म्हणजे टाटा एसचा हौदा साधारण २.२ मीटर लांब. तिथे चाकंच मावत नाहीत. बोलेरो पिकअपचा हौदा मॉडेलप्रमाणे अडीच ते पावणेतीन मीटर. चाकं जेमतेम बसतील, नाक बाहेर राहील. टाटा ४०७ चा हौदा तीन मीटरच्या आसपास. बॉडी न लावलेला नुसता सांगाडा तिथे बसतो, तेही नाकाची चौकट काढून. बॉडीसकट गाडी न्यायची असेल तर चौदा फुटी कँटर मागवावा. भाडं जास्त पडतं हे खरं, पण फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं पाडायचं दार, बंद होतो.

फाळका बंद होणं ही साधी गोष्ट नाही. फाळका पाडून मागून अर्धा मीटर सांगाडा बाहेर काढून नेणं सर्रास चालतं, आणि टेंपोवालाही ‘चलता है’ म्हणतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १९४(१ए) खाली माल हौद्याच्या बाहेर मर्यादेपलीकडे आला तर वीस हजार रुपये दंड आहे, आणि माल जागेवर उतरवायचा खर्च वेगळा. त्याहून मोठं कारण व्यवहारातलं आहे. पाडलेला फाळका दोन साखळ्यांवर लोंबतो. त्यावर चाक आलं तर साखळीची कडी प्रत्येक खड्ड्यात ताण घेते आणि शेवटी उघडते.

आता गाडीची तयारी. चाकांवर न्यायची ठरली, तर सगळ्यात आधी चाकाचे हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते मधले भाग, पाहा. पुढून ओढणाऱ्या गाडीच्या, म्हणजे मारुतीच्या हबमध्ये बेअरिंगचे दोन भाग जागेवर धरून ठेवतो तो ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, टोकाचा तुकडा आणि त्याचं मोठं नट. बांधकामात शाफ्ट शेवटी बसतो, म्हणून पुष्कळदा हब रिकामाच असतो आणि त्यावर चाक लावून सांगाडा इकडून तिकडे ढकलला जातो. तसं केलं की गाडीचं वजन बेअरिंगच्या आतल्या कड्यांना एकमेकांपासून सरकवतं, गोळ्या कडेवर चढतात आणि खाचा पडतात. पाच मीटर ढकलणंही पुरेसं होतं. उपाय स्वस्त आहे. भंगारातून जुन्या शाफ्टचा बाहेरचा जॉइंट घ्यायचा, कापून फक्त स्प्लाइनचा, म्हणजे खाचा पाडलेला, दांडा ठेवायचा, तो हबमध्ये घालून नट पक्कं आवळायचं. गाडी पुरी होईपर्यंत तो तिथेच राहू द्यावा.

दुसरी गोष्ट स्टिअरिंग. दांडा बसलेला नसेल तर पुढची चाकं आपल्या मर्जीने वळतात. फळीवर चढताना एक चाक जरासं बाहेर वळलं की ते फळीची कड सोडतं आणि सांगाडा पोटावर पडतो. स्टिअरिंग रॅकच्या पिनियनला, म्हणजे दांडा जिथे बसतो त्या छोट्या दातेरी चाकाला, तात्पुरता दांडा लावून एका माणसाने चाकं सरळ धरावीत. तेही जमत नसेल तर दोन्ही स्टिअरिंग आर्म एका सपाट पट्टीने एकमेकांना जोडून टाकावेत. चाकं वळणार नाहीत, पण सरळ तरी राहतील.

तिसरी गोष्ट सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट. हे बोल्ट गाडीचं पूर्ण वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे असतात, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. जाणकार माणूस ते मुद्दाम सैल ठेवतो. पण सैल नट टेंपोच्या थरथरीने फिरत फिरत निघतं. प्रवासासाठी ते सगळे हातपान्याने बेताचे आवळावेत आणि प्रत्येकाला लाल चिकटपट्टीची एक शेपटी लावावी. पोचल्यावर शेपट्या मोजून काढायच्या आणि नटं पुन्हा सैल करायची. बारा लावल्या तर बारा निघाल्या पाहिजेत.

ब्रेकच्या नळ्यांची तोंडं बंद करा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. ताज्या डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पाणी शोषलेल्यासाठी तोच आकडा १५५ वर येतो. गोव्याच्या दमट हवेत उघडी नळी म्हणजे आत गंज आणि बाहेर रंगाचा सत्यानाश, कारण हे तेल रंग उतरवतं. पेट्रोलच्या टाकीत पेट्रोल नको. जरासं उरलं तर काय होतं, असं वाटतं, पण रिकाम्या टाकीतली वाफच जास्त धोक्याची असते. टाकी निथळून, झाकण उघडं ठेवून हवा खेळू द्यावी आणि मगच बंद करावी. बॅटरी काढून वेगळी.

इंजिन सांगाड्यात पुरं बसलेलं नसेल तर ते उतरवून वेगळं न्यावं. त्याला जमिनीवर ठेवतानाची चूक सगळीकडे सारखीच असते: सरळ संपवर, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यावर, ठेवतात. मारुतीच्या ७९६ सीसी इंजिनाचा संप पातळ पत्र्याचा असतो. एका दणक्याने तो आत दबतो, आतल्या तेल ओढणाऱ्या जाळीला चिकटतो, आणि पुढे इंजिन सुरू केल्यावर तेलाचा दाब येत नाही. बाहेरून दिसतो फक्त एक छोटा पोचा. इंजिनाच्या माउंटिंगच्या भोकांत बोल्ट घालून लाकडाच्या चौकटीवर टांगल्यासारखं बसवणं हे योग्य काम. घाई असेल तर ट्रकच्या जुन्या टायरच्या पोकळीत कडेने आधार मिळेल असं ठेवा, संप अधांतरी राहू द्या. गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असेल तर वेगळाच न्या. दोन बोल्टांवर लटकता ठेवला तर त्याचं सगळं वजन इनपुट शाफ्टवरून क्लच प्लेटच्या मध्यावर येतं आणि प्लेट वाकते. तोंडं बंद करायला चिंध्या कोंबू नयेत; त्या आत राहून जातात. प्लास्टिकची बुचं किंवा रुंद चिकटपट्टी वापरावी, जी विसरली तरी दिसते.

आता चढवणं. इथे गणित करायलाच हवं. हौद्याची उंची समजा ७५ सेंटिमीटर आहे आणि फळ्या तीन मीटरच्या आहेत. चढ साधारण साडेचौदा अंशांचा झाला. ५०० किलोची गाडी त्यावर ओढायला घर्षण सोडून १२५ किलोचा जोर लागतो. चार माणसं सहज करतील. उंची एक मीटर असेल तर तीच फळी साडेएकोणीस अंशांवर जाते आणि जोर १६५ किलोच्या वर. तोही जमेल. पण अडचण जोराची नाही, पोटाची आहे. पुढची चाकं हौद्यावर आणि मागची फळीवर असताना फळीचं टोक गाडीच्या पोटाकडे वर येतं. २.२ मीटर व्हीलबेसच्या गाडीला साडेचौदा अंशांच्या चढावर मध्यभागी सुमारे १४ सेंटिमीटर मोकळी जागा लागते. अशा बुटक्या गाडीखाली असतात दहा-बारा सेंटिमीटर, त्यातही सगळ्यात खाली इंजिनाचा संप नाहीतर सायलेन्सरचा नळ. म्हणजे गाडी हौद्याच्या काठावर पोट टेकून अडकणार, मग माणसं मागून जोर लावणार, आणि काठ नळीत रुतणार.

यावर लांब फळ्या हा एक उपाय. बारा सेंटिमीटर जागा असेल तर चढ साडेबारा अंशांच्या आत हवा, म्हणजे ७५ सेंटिमीटर उंचीला साडेतीन मीटरची फळी. दुसरा उपाय जास्त चांगला आणि फुकटचा: टेंपोची मागची चाकं खाली उतरवा. आपल्याकडे घरापुढचं अंगण रस्त्यापेक्षा वीतभर वर असतंच. टेंपो रस्त्यावर, गाडी अंगणात, मध्ये फळी. वीस सेंटिमीटरचा फरक मिळाला तरी तीन मीटर फळीचा चढ साडेदहा अंशांवर येतो आणि पोटाला लागणारी जागा दहा सेंटिमीटरवर. बांध, चौथरा, गोदामाचा धक्का, जे असेल ते वापरावं. टेंपो ठरवण्याच्या आदल्या दिवशी घराभोवती एक फेरी मारून अशी जागा हेरून ठेवणं हे मला या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं अर्ध्या तासाचं काम वाटतं.

फळी दोन इंच जाड आणि नऊ इंच रुंद हवी, गाठी नसलेली, आणि मध्यावर खालून टेकू. टेकूला जांभ्या दगडाचा चिरा लावू नका. चिरा भिंतीत पसरलेला भार उत्तम घेतो, पण एका टोकावर एकवटलेलं वजन आलं की कोपरा ढासळतो, आणि ओला असेल तर आणखीच लवकर. लाकडी ओंडके एकावर एक आडवे-उभे रचा. फळीचं वरचं टोक हौद्याला साखळीने बांधलेलं असलंच पाहिजे. चाक फळीवर चढतं तेव्हा फळी मागे सरकू पाहते. न बांधलेली फळी दोनदा जागेवर राहते आणि तिसऱ्यांदा सुटते. या कामात माणसं जखमी होतात ती बहुतेक अशी.

ढकलण्यापेक्षा ओढणं बरं. केबिनच्या मागच्या लोखंडी चौकटीला चेन पुली किंवा हाताने चालणारा पुलर अडकवून गाडी इंचाइंचाने वर घ्यावी. मागे एक माणूस लाकडी पाचर घेऊन, चाकामागे सरकवत राहणारा. गाडीच्या सरळ मागे मात्र कोणीही उभं राहायचं नाही. पाचरवाल्याने बाजूने हात घालायचा.

गाडी वर आली की तिला पुढे सरकवून जड बाजू केबिनकडे ठेवायची. इंजिन पुढे असेल तर नाक केबिनकडे. वजन मागच्या अॅक्सलच्या मागे गेलं की टेंपोचं पुढचं टोक हलकं होतं आणि घाटातल्या वळणावर ड्रायव्हरला स्टिअरिंग हातात आल्यासारखं वाटत नाही.

बांधण्याबद्दल टेंपोवाल्यांशी वाद होतो, आणि तो घालावा. त्यांचा हात दोरीवर बसलेला असतो. कपाट, सोफा, शिगम्याच्या चित्ररथाचं सामान ते असं बांधतात की बघत राहावं. पण नायलॉनची दोरी ताणते, भिजली की आणखी ताणते. या कामाला ५० मिलिमीटर रुंदीचे पॉलिएस्टरचे रॅचेट पट्टे, म्हणजे दातेरी कळीने आवळायचे पट्टे, हवेत. पट्ट्यावर मोठ्या अक्षरांत ‘५ टन’ लिहिलेलं असतं तो बहुधा तुटण्याचा आकडा असतो. धरायचा भार त्याच्या निम्म्याहून कमीच समजावा. युरोपातल्या माल बांधण्याच्या नियमांत हिशेब असा धरतात: जोराचा ब्रेक लागला तर वजनाच्या ०.८ पट जोर पुढे, आणि बाजूंना व मागे ०.५ पट. ५०० किलोच्या गाडीला पुढे ४०० किलो आणि इतर दिशांना २५० किलो अडवता आले पाहिजेत. पट्टा ४५ अंशांत तिरका असेल तर त्यातला सुमारे ७० टक्के ताणच आडव्या दिशेने कामाला येतो. म्हणून चार चाकांना चार पट्टे, दोन पुढे ओढणारे, दोन मागे, ही कमीत कमी गरज. पाचवा जवळ असावा.

पट्टा कुठे लावायचा यावर सगळं अवलंबून आहे. स्प्रिंग बसलेल्या गाडीचा सांगाडा खाली खेचून बांधला तर प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंग दबते, पट्टा क्षणभर ढिला पडतो, हुक निसटतो. चाकालाच बांधलं की वर सांगाडा मोकळा हलतो आणि पट्ट्याचा ताण तसाच राहतो. पट्टा टायरवरून, समोरून मागे असा घ्यायचा, रिमच्या भोकांतून नाही. सस्पेन्शनच्या आर्मला कधीच नाही. ते लांबीच्या दिशेने ओढ सोसायला बनवलेले असतात, मध्यावर आडवा ताण आला की केळीच्या दांड्यासारखे वाकतात. स्प्रिंगच नसलेला नुसता सांगाडा असेल तर तो लाकडी ओंडक्यांवर बसवावा, आणि ओंडके नेमके त्या ठिकाणी ठेवावेत जिथे सस्पेन्शनचे कंस वेल्ड केलेत. तिथे तीन-चार नळ्या एकत्र येतात. पट्टाही तिथूनच. नळीच्या मध्यावर पट्टा आवळला तर दीड मिलिमीटर जाडीची नळी हातातल्या रॅचेटने वाकते, आणि वाकताना आवाजही होत नाही.

पट्ट्याचं दुसरं टोक कशाला? हौद्याच्या बाहेरच्या बाजूला बोटाएवढे हुक असतात. ते ताडपत्रीच्या दोरीसाठी आहेत. रॅचेटने आवळलं की ते सरळ होतात. हौद्याखालच्या चौकटीचे आडवे अँगल शोधा. नाहीच मिळाले तर हौद्याच्या फटीतून साखळी खाली घेऊन चासीला वेढा द्या.

फायबरची बॉडी गाडीवर तात्पुरती ठेवून कधीही नेऊ नये. ६० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १७ किलो असतो, ८० ला ३० किलो. बोनेटच्या पुढच्या फटीतून वारा आत शिरला की ते पतंगासारखं उचललं जातं. बॉडी वेगळी, उलटी करून, जुन्या गादीवर किंवा गवताच्या पेंढ्यांवर ठेवावी, कडा सगळीकडे टेकलेल्या हव्यात. दोनच ठिकाणी टेकली आणि उन्हात चार तास राहिली, तर नव्या, पुरतं न वाळलेल्या फायबरला तोच बाक बसतो आणि दारं पुन्हा जुळत नाहीत. वरून आवळून बांधायची नाही. दाब आला की जेलकोटला, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला, कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात, आणि ते रंगातूनही वर येतात. सुंभाची दोरी तर लांबच ठेवावी. ती कानशीसारखी घासते.

ताडपत्रीबद्दलही हेच. उघड्या लोखंडावर ताडपत्री झाकून निघालो म्हणजे काळजी मिटली असं नाही. ती फडफडते आणि तिच्या धुळीने भरलेल्या सुरकुत्या रंगाला पॉलिश पेपर लावल्यासारखं करतात. आत अडकलेली वाफ वेगळी. घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर आपल्या हवेत एका रात्रीत तांबूस झाक येते. सांगाडा हलवण्याआधी त्यावर इपॉक्सी प्रायमरचा हात मारलेला असावा. नुसता रेड ऑक्साइड पाणी पिऊन घेतो. जूनचा पहिला पाऊस पडण्याआधी काम उरकणं हे सगळ्यात शहाणपणाचं.

वेळ आणि वाट. शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, त्या दिवशी तिथून जाऊ नये. चवथीच्या आधीचा आठवडा आणि डिसेंबरची अखेर टाळावी. टेंपो मिळत नाहीत, मिळाले तर घाईत असतात, आणि हे काम घाईचं नाही. फोनवरच सांगावं की चढवायला दोन तास लागतील आणि थांबण्याचे पैसे वेगळे धरू. असं सांगितलेला ड्रायव्हर शांतपणे हात लावतो. सांगाडा बेळगावकडे न्यायचा असेल तर तिकडून गोव्यात भाजी घेऊन येणाऱ्या गाड्या रिकाम्या परततात. परतीचं भाडं स्वस्त पडतं, मात्र हौदा धुऊन घ्यायला सांगा, कारण भाजीच्या चिखलावर टायर घसरतो.

दिवाडी बेटाला पूल नाही, तिथे फेरीबोटीशिवाय गत्यंतर नाही. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो आणि फेरीच्या फळीशी मोठा कोन होतो. टेंपोची पुढची चाकं फेरीवर चढतात, मागचा भाग खाली झुकतो, आणि नेमक्या त्याच क्षणी गाडीचं सगळं वजन तिला मागे जाऊ न देणाऱ्या दोन पट्ट्यांवर येतं. भरतीची वेळ बघून जावं. फेरीवर चढण्याआधी धक्क्यावरच ते दोन पट्टे हाताने दाबून पाहावेत.

एरवीही पहिल्या पाच किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळायचे असतात. टायर बसतात, लाकूड दबतं, पट्टा ढिला होतो. आंबोली, चोर्ला, अनमोड, करमल, कोणताही घाट असो, चढण्याआधी एकदा आणि उतरल्यावर एकदा. मागे हौद्यात ‘धरायला’ म्हणून माणूस बसवू नये. पट्टा सुटला तर ५०० किलो कोणी धरत नाही.

कागद थोडेच लागतात, पण लागतात. सांगाड्याच्या लोखंडाची आणि वेल्डिंगची बिलं, इंजिन ज्या गाडीतून घेतलं तिचे कागद, इंजिन नंबर लिहिलेलं एक पत्र आणि सामानाची यादी. पत्रादेवी, पोळे, मोले, केरी इथल्या नाक्यांवर इंजिनाचा नंबर विचारला जाऊ शकतो, आणि तो तेव्हा ग्रीसखाली शोधत बसणं बरं नव्हे. आधीच पुसून त्याचा फोटो काढून ठेवावा. टेंपो पिवळ्या नंबरप्लेटचा घ्या. टेंपोच्या नेहमीच्या विम्यात आतल्या मालाची भरपाई नसते. महागडं सामान असेल तर एका फेरीचा माल-विमा वेगळा उतरवता येतो.

उतरवताना चढवण्यापेक्षा जास्त जपावं, कारण तेव्हा सगळे थकलेले असतात आणि उतार गाडीला स्वतःहून ओढत असतो. पुलरची साखळी सोडत सोडत, पाचर चाकाखाली ठेवत, तसंच उलट यायचं. शेवटचा पट्टा सोडण्याआधी पुलर ताणलेला आहे ना, हे पाहूनच रॅचेटची कळ दाबायची.

मग मेजरटेप काढावा. निघण्याआधी सांगाड्याचे दोन कर्ण मोजून मार्करने नळीवरच लिहून ठेवलेले असतात: पुढच्या डाव्या कंसाच्या भोकापासून मागच्या उजव्यापर्यंत, आणि उलट. तीच दोन मापं, तेच दोन हात, टेप तेवढाच ताणून. एक-दोन मिलिमीटरचा फरक टेपचा असू शकतो. चार-पाच आला तर पट्टे लावलेल्या जागांपासून सुरुवात करून एकेक नळी सरळ पट्टी टेकवून तपासायची, आणि ती सापडेपर्यंत इंजिन आत बसवायचं नाही.